घरगुती छायाचित्रातील अनोळखीपण

हिंदुस्थानातील छायाचित्रणाच्या इतिहासात नित्याचे घर फार उशिरा येते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांत माणसे आहेत, पण ती जातिजमातींचे नमुने म्हणून. पुढे स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यापुढे आपली कुटुंबेही तशीच ताठ बसली. फरक एवढाच, की नमुना कसा दिसावा हे आता आपणच ठरवीत होतो.

जबलपुरातील मराठी घरांतले जुने संग्रह चाळावेत. मुंज, लग्न, सेवानिवृत्तीचा हार. १९०४ साली उभारलेला तोफगाड्यांचा कारखाना आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना यांवर येथील कित्येक संसार चालले. दिवसभर तोफगाडे जोडून आलेला गृहस्थ सायंकाळी तुळशीला पाणी घालतो, हे दृश्य मात्र त्या संग्रहांत सहसा आढळत नाही. त्यात चित्र काढण्यासारखे काय आहे, असेच सर्वांना वाटले असावे!

कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर हे असेच गाव. तेथे १९५२ मध्ये अण्वस्त्रांची प्रयोगशाळा आली व भोवती नवी उपनगरी वस्ती वाढली. स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार बिल ओवेन्स याने तेथील शेजारीपाजारी टिपून 'सबर्बिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात तिचाकीवर बसलेला चिमुरडा हाती खेळण्यातली बंदूक घेऊन आपल्याकडे पाहतो. अशा खेळाने मुलाच्या स्वभावावर अनिष्ट परिणाम होईल असे वाटत नाही, असे खाली घरच्यांचेच म्हणणे दिले आहे. उपहास करणे येथे किती सोपे होते! ओवेन्स तो करीत नाही. आणि हसू पाहणाऱ्या वाचकाला दिवाळीतील टिकल्यांचे पिस्तूल आठवते.

सूनी तारापोरवाला यांनी मुंबईच्या पारशी समाजाची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला तो स्वतःच्या आप्तांपासून. त्यांचा ग्रंथ २००० साली आला. घरचेच माणूस समोर असल्याने तेथे कोणी अंग आखडून बसत नाही. तथापि केवळ जवळीक पुरेशी आहे, असे मला वाटत नाही. जवळच्याला पुष्कळदा काहीच दिसत नाही. ओवेन्सच्या चित्रांचे बळ त्यांखालच्या बोलण्यात आहे: माणूस स्वतःला जसा समजतो आणि जसा दिसतो, त्यांतील अंतर तेथे उघडे पडते.

आपल्या संग्रहांत चित्रामागे नावे असतात, तारीख असते, बोलणे नसते. कारखान्यांतील निवृत्त कारागीर व त्यांच्या गृहिणी अद्याप आपल्यात आहेत, तोवर ते लिहून घेता येईल.