माजाची घटका

शास्त्राचा इतिहास लिहिणारांची दृष्टि उपकरणांवर सहज खिळते. तें उपकरण वापरणारास ज्यानें योग्य वेळ सांगितली, तो मात्र त्या इतिहासांत क्वचितच येतो. गुरांच्या कृत्रिम रेतनाची कथा याचें चांगलें उदाहरण आहे.

इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानी यानें इ. स. १७८० च्या सुमारास माजावर आलेल्या एका कुत्रीवर हा प्रयोग केला, आणि बासष्ट दिवसांनीं तिला तीन पिलें झालीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांत इव्हानॉव्ह यांनीं या विद्येस पशुपालनांत स्थान मिळवून दिलें. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं १९३६ सालीं त्यासाठीं सहकारी संस्था काढली, आणि १९३८ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें तिच्या धर्तीवर काम सुरू झालें. आपल्या देशांत म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपतकुमारन यांनीं १९३९ सालीं त्याचा आरंभ केला. एका उत्तम वळूपासून शेकडों गायी फळविण्याची सोय झाली.

परंतु सोयीबरोबर एक अडचणही आली. वळू कळपांत असे, तेव्हां वेळेची चिंता कोणासच नव्हती. माजावर आलेली गाय तो स्वतःच ओळखी, आणि एकाच माजांत तिच्याजवळ अनेकदां जाई. नळी घेऊन येणारा मनुष्य बहुधा एकदांच येतो. तेव्हां त्यानें यावें केव्हां?

याचें उत्तर नेब्रास्का येथें ट्रिंबर्गर यांनीं शोधिलें. त्यांचे निबंध १९४३ व १९४८ सालीं प्रसिद्ध झाले. गायीचा माज सुमारें अठरा तास टिकतो, आणि बीजांड सुटतें तें माज ओसरल्यावर दहाबारा तासांनीं. तें सुटल्यावर केलेलें रेतन बहुधा वायां जातें. माजाच्या मध्यापासून तो ओसरल्यानंतरच्या कांहीं तासांपर्यंतचा काळ उत्तम. यावरून सोपा नियम रूढ झाला : सकाळीं माज दिसल्यास त्याच संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसल्यास दुसऱ्या सकाळीं रेतन करावें. शुक्राणूंस फलनक्षम होण्यापूर्वीं मादीच्या गर्भमार्गांत कांहीं तास काढावे लागतात, हें चँग व ऑस्टिन यांनीं १९५१ सालीं स्वतंत्रपणें दाखविलें, तेव्हां या नियमाचें एक कारणही उमगलें.

दरम्यान १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांस ग्लिसरिनाचा गुण सांपडला, आणि पुढें वळूचें वीर्य गोठवून वर्षानुवर्षें ठेवतां येऊं लागलें. मेलेल्या वळूचीं वासरें जन्मूं लागलीं! नराचा काळ असा थांबविला. बीजांडाचे ते थोडे तास मात्र कोणास लांबवितां आले नाहींत.

ती घटका ओळखण्याचें काम घरच्या माणसाकडेच राहिलें. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या संस्थेनें ही सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. पण बोलावणें धाडावयाचें तें गोठ्यांतूनच. गायीनें दुसऱ्या गायीस अंगावर चढूं दिलें कीं माज निश्चित कळतो. परंतु एकच गाय दावणीस बांधलेल्या घरीं ही खूण कोठून मिळणार? तेथें हंबरणें, सोट, घटलेलें दूध यांवरूनच ओळखावें लागतें. म्हशीचा माज तर पुष्कळदां मुका. एक माज चुकला कीं एकवीस दिवस गेले. वैरण खर्ची पडते, वेत लांबतें, आणि लहान संसाराचें दूध तितकें दुरावतें.

म्हणून या विद्येच्या इतिहासांत शास्त्रज्ञांच्या नांवांशेजारीं, पहाटे शेण काढतांना गायीकडे निरखून पाहणाऱ्या गृहिणीसही जागा द्यावयास हवी. तिची नजर चुकली, तर त्या सर्वांचे श्रम त्या दिवसापुरते व्यर्थ होत.