मफिनच्या साच्यातील अंडी

सहा किंवा बारा खळग्यांचा जो पत्र्याचा साचा आज मफिन टिन म्हणून ओळखला जातो, तो अंड्यांसाठी घडवलेला नव्हता. इंग्लंडमधील मूळचा मफिन म्हणजे यीस्टने फुगवलेला आणि तव्यावर भाजलेला चपटा पाव, त्यामुळे त्याला ओव्हनची गरज पडत नसे. अमेरिकेत मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पर्लअ‍ॅश, म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार, पिठात घालण्याची रीत पडली. पुढे खाण्याचा सोडा आणि एबेन हॉर्सफर्ड यांच्या १८५६ च्या पेटंटमधून विकसित झालेली बेकिंग पावडर आली, आणि रात्रभर पीठ आंबवत न ठेवता सकाळी कालवून लगेच भाजता येणारे छोटे पाव न्याहारीला होऊ लागले.

असे सैल पीठ स्वतःचा आकार धरत नाही, म्हणून त्याला खळगा लागतो. बॉस्टनचे नॅथॅनिएल वॉटरमन यांनी १८५९ मध्ये पेटंट घेतलेले बिडाचे साचे याच गरजेतून आले आणि जेम पॅन या नावाने रुळले. आप्पेपात्राशी त्यांचे साम्य उघड असले, तरी आप्पेपात्राला आच खालून लागते आणि आप्पा उलटावा लागतो, तर हा साचा बंद ओव्हनमध्ये चहूबाजूंनी तापतो. त्यामुळे लोखंडी ओव्हनच्या चुली घरोघर पोहोचू लागल्या त्याच काळात त्याचाही प्रसार झाला, यात नवल नाही. आहारसुधारक सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांचे अनुयायी कोंड्यासकट दळलेले गव्हाचे पीठ नुसत्या पाण्यात कालवून अतिशय तापलेल्या खळग्यांत ओतत आणि केवळ वाफेच्या जोरावर ते फुगवत. पथ्याच्या न्याहारीशी या भांड्याचे नाते इतके जुने आहे.

ओव्हनमध्ये भाजलेल्या अंड्याची परंपरा वेगळी होती. लोणी लावलेल्या छोट्या भांड्यात अंडे फोडून, वर थोडी साय घालून ते भाजण्याची फ्रेंच पद्धत अमेरिकन पाकपुस्तकांत शर्ड एग्ज या नावाने आली. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकात त्यासाठी खास भांडे सांगितले असून त्यात आधी बिस्किटांचा चुरा पसरण्याची सूचना आहे. प्रत्येकासाठी वेगळे भांडे लागत असल्याने हा पदार्थ काहीसा ऐटीचाच राहिला.

साच्यातून पीठ बाहेर पडून अंडे आत येण्यास मुख्यतः पथ्यशास्त्र कारणीभूत ठरले. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा अधिक पिवळे बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला, तर १९७२ मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने पाव आणि साखर हेच खरे दोषी ठरवले. मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांच्या २००३ च्या ‘साउथ बीच डाएट’मध्ये या दोन्ही भीती एकाच कृतीत नांदतात: बारा खळग्यांच्या साच्यात पालक, चीज आणि मुख्यतः पांढऱ्या बलकापासून बनवलेला अंड्याचा पर्याय. या कृतीला किश म्हटले असले, तरी किशचे मैद्याचे कवच तिच्यात नाही, आणि भाजून ठेवलेले तुकडे फ्रिजमधून काढून कामावर जाताना खाता यावेत हा तिचा खरा उद्देश आहे. २०१५ च्या अमेरिकन सरकारी आहारसूत्रांनी कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली, त्यामुळे पिवळ्या बलकावरचे बालंटही बरेचसे दूर झाले.

भांड्याने मात्र हा बदल सहज स्वीकारला नाही. अंड्यातील प्रथिने ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतात आणि धातूला चिकटतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन घरांत आलेल्या टेफ्लॉनच्या लेपाने चिकटण्यावर उपाय मिळाला, पण पत्र्यालगतची कड चिवट होणे आणि फुगलेला मधला भाग ओव्हनबाहेर येताच बसणे हे दोष राहिलेच. दूध किंवा चीज घातल्यास प्रथिने विरळ होऊन हे दोष काहीसे सौम्य होतात.

२०१७ च्या जानेवारीत स्टारबक्सने पिशवीत बंद करून बेताच्या गरम पाण्यात मंदपणे शिजवलेले अंड्याचे घास विक्रीस आणले. त्यांची घरी नक्कल करणाऱ्यांनी पुन्हा मफिनचाच साचा घेतला, आणि तो मऊपणा साधण्यासाठी ओव्हनमध्ये साच्याखाली गरम पाण्याचे ताट ठेवले. फ्रेंच स्वयंपाकघरात याच जलस्नानाला बँ-मारी म्हणतात, आणि छोट्या भांड्यांतील अंडी तेथे पूर्वीपासून तशीच शिजवली जातात.