रखमाबाईंच्या नकाराचा इतिहास

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि मालिकांमध्ये एक गोष्ट हमखास असते. घरच्यांनी लग्न लावून दिलेले, नवरा-बायकोचे पटत नाही, दोघे वेगळे राहतात. शेवटी बायकोचे मन वळते, ती नांदायला जाते आणि वाचक खूश होतो. पण तिचे मन वळलेच नाही तर? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मुंबईच्या रखमाबाईंच्या आयुष्यात सापडते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, सुतार समाजातला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती, पण बालविवाहाची चाल मात्र होती. अकरा वर्षांच्या रखमाचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावले गेले. ती सावत्र वडिलांच्या घरीच राहिली, शिकली आणि मोठी झाल्यावर तिने नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जी स्त्री नवऱ्याकडे कधी राहिलीच नाही, तिला 'परत' कसे पाठवणार? आणि असा दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सनातनी खवळले. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. लोकमान्य टिळक दादाजींच्या बाजूने उभे राहिले. आम्ही विचारतो, इंग्लंडमधून आलेली तरतूद बाईला डांबण्याच्या कामी येताच एकाएकी 'आपला धर्म' कशी काय झाली?

अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले.

एका जोडप्याच्या भांडणाने एवढे वादळ का उठावे? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ च्या 'भारतातील जाती' या निबंधात दिले आहे. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्यासाठीची साधने. मुलीला कळण्याआधीच तिचे लग्न उरकले की निवडीचा प्रश्नच उरत नाही. रखमाबाईंनी नवरा नाकारला, पण त्या नकाराचा घाव जातीच्या पायावर बसला. म्हणूनच व्यवस्था घाबरली.

१९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये. रखमाबाई वारल्या १९५५ मध्ये. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदायला बोलावण्याचा तोच दावा कायम राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

मित्रांनो, बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून भागणार नाही. आमच्या वस्तीतली बहीण माहेरी परतते, तेव्हा बैठक बसवून "जाऊ दे, सांभाळून घे" असे सांगणारे आम्हीच असतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि तोंडी दादाजींची भाषा. पुढच्या वेळी बैठक बसेल तेव्हा आधी तिला विचारा : तुला काय हवे आहे? आणि ती 'नाही' म्हणाली, तर त्या नकारामागे उभे राहा.

जय भीम!