पेन्सिलीने उतरवलेली गाणी

आत्याची गाण्यांची वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. सरळ धरली की पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली भावगीतं. उलटी करून मागून उघडली की हिंदी सिनेमातली गाणी. ती बारीक अक्षरात लिहिलेली आहेत, अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, नजरेला पडू नयेत म्हणून. दोन्हीकडची गाणी मधे एकमेकांना भेटायची तेवढी राहिली. ते होण्याआधीच वही पाण्यात गेली.

वाडा नारायण पेठेत होता, नदीपासून फार लांब नव्हता. सात बिऱ्हाडं आणि रेडिओ एक, तो मालकांकडे. वाल्व्हचा, लाकडी पेटीचा, गच्चीवर जाळीची एरियल. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत काही ऐकू येत नसे. त्याचं लायसन दरवर्षी पोस्टात पैसे भरून नव्याने करून आणावं लागे आणि ते काम मालक स्वतः जाऊन करत. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं, तेव्हा आत्या तेरा वर्षांची होती. त्याआधी तिने ऐकलेलं गाणं म्हणजे गणपतीत चौकात होणारा गजाननराव वाटव्यांचा कार्यक्रम. तिथे आजीच्या मांडीवर झोप लागायची आणि सकाळी फक्त चाल आठवायची, शब्द जायचे. शब्द हातून निसटतात याची हळहळ तिला तेव्हापासूनची. वही त्यातूनच आली.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. गीतरामायणाचं पहिलं गाणं त्या सकाळी लागलं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल आणि आवाज. सीताकांत लाड यांच्या मनातली कल्पना, दर आठवड्याला एक नवं गाणं. या मालिकेबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलंय की त्यात मी भर घालणार नाही. आमच्या वाड्यात ते कसं ऐकलं गेलं, एवढंच आत्याच्या तोंडून जे ऐकलं ते सांगतो.

मालकीणबाई आदल्या रात्रीच ओसरी सारवून ठेवायच्या. शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या पोळ्या लवकर उरकलेल्या असत. कचेरीत जाणारे पुरुष डबा हातात धरून दारात उभे राहत, गाणं संपलं की तिथूनच सायकलवर टांग. आजी निवडायला तांदूळ घेऊन यायची पण सूप मांडीवर तसंच राहायचं. रेडिओला हार घालायची पद्धत पुष्कळ घरांत होती, आमच्याकडे मालकीणबाई उदबत्ती लावत. आणि रेडिओच्या अगदी जवळ, भिंतीला पाठ टेकून, आत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

तिची पद्धत ठरलेली होती. नवं गाणं शुक्रवारी, आणि तेच त्या आठवड्यात पुन्हा ऐकवलं जाई. पहिल्या वेळी सापडतील तेवढे शब्द पेन्सिलीने, निसटतील तिथे टिंबं. दुसऱ्या वेळी टिंबं भरायची. खात्री पटली की त्यावरून शाई फिरवायची. मधल्या दिवसांत वाड्यात चर्चा. एका जोडाक्षरावरून मालकीणबाई आणि माडीवरच्या वहिनी दोन दिवस भांडल्याचं आत्या सांगते. वहिनी संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेल्या, त्यांचं म्हणणं शब्द असाच असणार. मालकीणबाईंचं म्हणणं, "मी कानाने ऐकलंय." पुन्हा लागलं तेव्हा सगळ्यांनी श्वास धरून तेवढा एक शब्द ऐकला. कानाने ऐकलेलं खरं ठरलं.

त्या वर्षी अधिक महिना आला. त्यामुळे या रामनवमीपासून त्या रामनवमीपर्यंत बावन्नाऐवजी ५६ गाणी झाली. आजीच्या लेखी ते अधिकाचं पुण्य, आणि तिने ते शेवटपर्यंत तसंच मानलं. सीतेची गाणी माणिक वर्मांच्या आवाजात असत. ती आत्याच्या गळ्यावर चढली. पुढे तिला बघायला पाहुणे आले आणि "गाणं येतं का?" असं विचारल्यावर तिने त्यातलंच एक सुरू केलं. आजीने आतून खूण करून थांबवलं. शुभप्रसंगी वनवासातलं गाणं नको. आत्याने मग मालती पांड्यांचं एक भावगीत म्हटलं. लग्न त्या घरी जमलं नाही, पण ते भावगीत कुठेही लागलं की ती आजही पदर सावरून बसते.

आता वहीची उलटी बाजू. १९५२मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं. केसकर आपल्या पुण्याचेच. सिनेसंगीताने लोकांची रुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेलं काम मोठं आहे, पण या बाबतीत ते चुकले असं मी म्हणेन. माणूस कुठल्या गाण्याने हळवा होईल हे खात्याने ठरवायचं नसतं. ऐकणारे रेडिओ सिलोनकडे गेले. ३ डिसेंबर १९५२ला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज. अण्णांच्या धाकामुळे वाड्यात ते लागणं शक्य नव्हतं. माझे वडील तेव्हा दहा-बारा वर्षांचे. ते एका इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभे राहून गाणं ऐकत, मुखडा आणि एक अंतरा डोक्यात भरून, वाटेत कोणाशी न बोलता धावत घरी येत आणि जिन्याखाली आत्याला सांगत. वहीच्या मागच्या बाजूचं प्रत्येक गाणं माझ्या वडिलांच्या पायांनी घरी आलेलं आहे. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. आकाशवाणीनेच ती गाणी लावल्यावर अण्णांचाही विरोध हळूहळू मावळला. जिन्याखालची बैठक मोडली. वडिलांना त्याचं वाईट वाटलं होतं, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

१२ जुलै १९६१ हाही बुधवारच होता. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं. वाड्यात आधी कोणाचा विश्वास बसेना. मग नदीकडच्या गल्लीतून माणसं पळत येताना दिसली. आजीने देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले, अण्णांनी कागदपत्रांची पिशवी, वडिलांनी मालकांच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं. आत्याने धाकट्या भावंडाचा हात धरला. वही पत्र्याच्या ट्रंकेत राहिली. पर्वतीच्या बाजूला चढून जाताना तिला ती आठवली, पण आजीकडे बघून ती बोलली नाही.

पाणी उतरल्यावर मागची भिंत पडलेली आणि सगळीकडे गुडघाभर चिखल. ट्रंक तिसऱ्या दिवशी सापडली. वही फुगून दुप्पट झाली होती. आत्याने ती शाळेतल्या छावणीत दोरीवर पसरून पान पान वाळवली. आणि तेव्हा दिसलं की शाई सगळी धुऊन गेलीय, पानांवर नुसते निळे ढग. पण पेन्सिल शाबूत होती. सुरुवातीची गाणी, टिंबं टिंबं ठेवून, खोडून, पुन्हा लिहून उतरवलेली, ती वाचता येत होती. पुढे हात बसल्यावर ती एकदम शाईनेच लिहायला लागली होती. ती पानं कोरी झाली. ज्या गाण्यांबद्दल तिला पक्की खात्री होती, तीच गेली.

मी ती पानं बोटांनी चाचपून पाहिली आहेत. निळ्या डागाखाली पेन्सिलीची राखाडी ओळ दिसते, आणि तिच्यात कुठे कुठे ते जुनं टिंब.

वाडा पुन्हा उभा राहिला नाही. बिऱ्हाडं पांगली. काही गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेली, त्यात आमचं होतं. मालक भावाकडे सदाशिव पेठेत गेले, वहिनी कल्याणला. गीतरामायण छापलेलं १९५७पासून मिळत होतंच आणि अण्णांनी आत्याला ते विकत आणून दिलं, त्यावरून उतरवून घे म्हणून. तिने पुस्तक डोळ्यांना लावलं, फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन सदाशिव पेठेत मालकीणबाईंकडे गेली. त्यांना एका गाण्याची तीन कडवी येत होती. ती लिहून घेतली आणि समासात लिहिलं, 'मालकीणबाई'. चौथं कडवं विहिरीजवळच्या काकूंनी सांगितलं, त्यांचं नाव त्या कडव्यापुढे. वहिनी बाळंतपणाला पुण्यात आल्या तेव्हा प्रसूतिगृहात खाटेजवळ बसून दोन गाणी मिळाली. त्या पानावर तारीख आहे, आणि 'मुलगी झाली' असंही. हिंदी गाण्यांच्या समासात सगळीकडे एकच नाव, माझ्या वडिलांचं.

मी एकदा विचारलं, "आत्या, पुस्तक घरात असताना एवढी वणवण कशाला केलीस?"

ती म्हणाली, "अरे, पुस्तकात मालकीणबाईंचं कडवं कुठाय?"

ही दुसरी वहीही अर्धीच भरली. शेवटचं गाणं 'शुक्रतारा मंदवारा' आहे. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. समासात आमच्या काकांचं नाव आहे, म्हणजे आत्याच्या यजमानांचं. लग्नाआधी त्यांनी ते तिला लिहून पाठवलं होतं. त्यात एक शब्द चुकलाय. तिने तो दुरुस्त केलेला नाही.

आत्या आता पंच्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, म्हणून मी मोबाइलवर गाणं लावून तिच्या कानाशी धरतो. एका दुपारी ती गाणं अर्ध्यावर थांबवून म्हणाली, "या कडव्याला माडीवरच्या वहिनी रडायच्या." आणि त्या का रडायच्या, ते तिने सांगितलं. साठ वर्षांत कोणी तिला ते विचारलं नव्हतं. मीही नाही. गाण्याचे शब्द तर मला पाठ होते.

तुमच्या घरात अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. नसेल तर आई, मावशी, आजोबा, जे कोणी आहेत त्यांच्यापाशी बसा, त्यांचं एक गाणं त्यांच्याच तोंडून लिहून घ्या, ते म्हणतील तसं, चुकलेल्या शब्दासकट. समासात त्यांचं नाव घाला, आणि गाणं लागायचं तेव्हा आजूबाजूला कोण असायचं तेही विचारा. लिहिताना शाई नको. पेन्सिल घ्या.