डावा हात आणि रस्त्याची बाजू



आमच्या ओवे गावातल्या बचत गटातली एक ताई गाडी शिकायला गेली. ती डावखुरी. पहिल्याच दिवशी शिकवणारा म्हणाला, "डावऱ्या बाईचं हे काम नाही." ताईने क्लास सोडला. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून लहानपणी ओरडा खाल्लेला, तेव्हा हे बोलणं तिला खरंच वाटलं. म्हणून आज रस्त्याचा थोडा इतिहास सांगते.

असं सांगतात, की जुन्या काळी घोडेस्वार डावीकडून जात. तलवार उजव्या हातात, म्हणून समोरून येणारा त्याच बाजूला असलेला बरा. फ्रान्स-अमेरिकेत मोठ्या घोडागाड्यांचा हाकणारा डावीकडच्या घोड्यावर बसे, उजव्या हातात चाबूक धरून. समोरच्या गाडीचं चाक घासू नये, ते नीट दिसावं, म्हणून तो उजवीकडून जाई. म्हणजे दोन्हीकडे हात उजवाच, बाजू मात्र वेगळी!

पुढे बाजू ठरली ती कायद्याने आणि शेजाऱ्यांच्या सोयीने. इंग्लंडने १८३५ मध्ये डावी बाजू कायद्यात घातली, आपल्याकडेही इंग्रजांमुळे तीच आली. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशात उजवी बाजू धरली. पण त्यांच्याच ताब्यातला गोवा डावीकडे राहिला, कारण शेजारचा सगळा मुलूख डावीकडून चालत होता. म्हणून १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर बाजू बदलावी लागली नाही. स्वीडनने तर १९६७ साली एका दिवसात डावीची उजवी केली. लोकांचे हात होते तेच राहिले.

आता आपली गाडी बघा. आपण डावीकडून जातो, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे असतं; चालकाला समोरून येणारं वाहन नीट दिसतं. त्यामुळे गिअर येतो डाव्या हाताला. रिक्षातही गिअर डाव्याच हातात. मग डावखुरीला अडचण कसली? सवय दोघींनाही करावीच लागते. लायसन्स देताना तुम्ही कुठल्या हाताने जेवता, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं ताईला सांगितलं. तिने आता दुसरीकडे क्लास लावलाय. तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर तिलाही सांगा.