माशांची नावे कोणाची?

कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी माहिती गोळा करीत दख्खनभर हिंडला. येथील माशांवरचा त्याचा निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला. त्यातील नावे वाचून मी चमकलो. खुद्री, कोळस, नुक्ता, पोटील, शिंगटी! लॅटिनच्या अंगरख्याखाली सगळी आपली बोली. इतर काही माशांना साहेबाने ओवेन, ऑगिल्बी या विलायती विद्वानांची नावे दिली. ज्या नदीकाठच्या माणसांच्या तोंडून मराठी नावे आली, त्यांच्यापैकी कोणाच्या नावाचा मासा नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आपले नाव कागदावर नसणे म्हणजे काय, ते मला कोणी शिकवावे लागत नाही.

आज नुक्ता आणि पोटील आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेले म्हणून नोंदले गेले आहेत. आमच्या जिल्ह्यात १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेची वाट भिंतीने अडली. जाळ्यात आता चिलापी भरते. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली सरकारी धोरणानेच भारतात आला.

आता विद्वान म्हणतात, स्थानिक समाजाला सोबत घेऊन मासे वाचवा. दाखला देतात तो महाड तालुक्यातील वाळणकोंडचा. तेथे वरदायिनीच्या श्रद्धेपोटी डोहातले मासे कोणी मारीत नाही; ते वाचले, हे चांगलेच झाले. पण महाड म्हटले की मला १९२७ आठवते. त्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, आमच्या माणसांना होता. तेव्हा 'स्थानिक समाज' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, त्यात कोण धरलेत? देवस्थान, सरपंच, ठेकेदार, की जाळे ओढणाराही?

मी मासेमारी करणाऱ्या जातीतला नव्हे. म्हणून करमाळा तालुक्यात उजनीच्या काठी एका वृद्ध भोयाकडे गेलो. नुक्त्याचे चित्र दाखवले. नाकाडावरचा उंचवटा पाहून ते हसले, म्हणाले, लहानपणी पाहिला होता. मग आपणहून सांगू लागले :

"मास्तर, पहिल्या पुराला मासा अंडी घालायला वर चढतो. तेवढे दिवस बारीक आसाचं जाळं टाकायचं नाही, असं आजा सांगायचा. आम्ही पाळायचो. आता पाणी ठेकेदाराचं. मी थांबलो तर दुसरा ओढतो, अन् पोरांनी त्या दिवसांत खायचं काय?"

हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आणि खाली त्यांच्या परवानगीने त्यांचे नाव लिहिले.