भूगर्भाचा कानोसा आणि त्याची मर्यादा

यंत्राला काय ऐकू येते याचे कौतुक सारेच करतात. परंतु त्याला काय ऐकू येत नाही, हे मोजणे अधिक अवघड आणि अधिक मोलाचे असते. भूकंपमापनाच्या इतिहासात याच प्रश्नावर अणुचाचणीबंदीचे घोडे अडले होते.

दि. 19 सप्टेंबर 1957 रोजी अमेरिकेने नेवाडात डोंगराच्या पोटात 1.7 किलोटनांचा ‘रेनियर’ स्फोट केला. त्याची नोंद फार तर 250 मैलांपर्यंत झाली, असे तेथील अणुऊर्जा आयोगाने 1958 मध्ये जाहीर केले. पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे 2,300 मैलांवरील अलास्कातही ती झाल्याचे आयोगाला मान्य करावे लागले.

त्याच वर्षी जिनिव्हात पूर्व व पश्चिम गटांचे तज्ज्ञ जमले. सुमारे 180 केंद्रे उभारल्यास 5 किलोटनांपर्यंतचे भूमिगत स्फोट ओळखता येतील, असा त्यांचा अंदाज होता. पण ऑक्टोबर 1958 मधील नव्या स्फोटांचे धक्के मानले होते त्याहून दुबळे निघाले. दुबळ्या धक्क्यांच्या तोडीचे भूकंप पुष्कळ. त्यांतून स्फोट निवडायचा कसा? प्रत्यक्ष जागेवरील तपासणीवरही एकमत होईना. अखेर 1963 च्या करारात हवेतील, पाण्यातील व अवकाशातील चाचण्या थांबल्या. भूमिगत चाचण्या सुटल्या. याच काळात अमेरिकेने एकसारख्या यंत्रांची जागतिक साखळी उभारली. तीत आपले पुणेही होते.

ही क्षमता अजमावतात तरी कशी? गुटेनबर्ग व रिश्टर यांनी दाखवले की, भूकंपाचे परिमाण एक अंकाने उतरले की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. नोंदवहीत ही वाढ जेथे खुंटते, तेथे भूकंप संपलेले नसतात; केंद्रांची श्रवणशक्ती संपलेली असते. स्थाननिश्चितीसाठी अक्षांश, रेखांश, खोली व वेळ ही चार अज्ञाते सोडवावी लागतात. सारी केंद्रे एकाच बाजूला असली, तर उत्तर सहज भरकटते.

दि. 16 ऑगस्ट 1997 रोजी नोव्हाया झेम्ल्याजवळ धक्का बसला आणि रशियाने गुप्त चाचणी केल्याचा संशय उठला. नीट गणित केल्यावर तो चाचणीस्थळापासून सुमारे 130 किलोमीटर दूर, कारा समुद्राखाली निघाला. उलट, 13 मे 1998 रोजी भारताने पोखरणला जाहीर केलेले दोन अतिलघू स्फोट परदेशी भूकंपकेंद्रांना आढळलेच नाहीत.

1996 च्या सर्वंकष बंदी कराराने भूकंपमापनाची 170 केंद्रे ठरवली. करार मात्र अद्याप अंमलात आलेला नाही. केंद्रे वाढली, यंत्रे सुधारली, तरी मूळ धडा तोच आहे. ‘काही ऐकू आले नाही’ या साक्षीला किंमत तेव्हाच, जेव्हा साक्षीदाराला किती ऐकू येते हे आपण आधी तपासलेले असते.